बोर्डिंग पास मोबाइलवर असावा की कागदावर?

आदल्या दिवशी वेब चेक-इन आटोपले की बोर्डिंग पास मोबाइलवर येतो, आणि त्याची प्रत काढावी की नाही, असा प्रश्न पडतो. दोनेक वर्षे मी केवळ मोबाइलच्या भरवशावर नागपूरहून ये-जा केली आणि आता पुन्हा कागदाकडे वळलो आहे.

एकट्याने आणि फक्त हातातली बॅग घेऊन निघणाऱ्याला मोबाइलच सोयीचा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. सोनेगावच्या विमानतळावर काउंटरकडे न वळता थेट सुरक्षा तपासणीला जाता येते, आणि गेट बदलल्याची किंवा विमानाला उशीर झाल्याची सूचना त्याच मोबाइलवर मिळते. कागदावर एकदा छापले ते छापले. बॅटरी संपण्याची किंवा नेटवर्क नसण्याची भीती मला फारशी वाटत नाही, कारण पासचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि मोबाइल नीट चार्ज केला की काम भागते.

माझे मत बदलले ते आईमुळे. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघे निघालो होतो आणि चौघांचेही पास माझ्या एकट्याच्या मोबाइलमध्ये होते. आपल्याकडे सुरक्षा तपासणीत स्त्रियांची रांग वेगळी असते, त्यांची अंगझडती पडद्याआड होते आणि मोबाइल मात्र ट्रेमध्ये ठेवून यंत्रातून पाठवावा लागतो, हे ठाऊक असूनही त्याचा एकत्रित परिणाम माझ्या लक्षात आला नव्हता. पत्नी मुलीला घेऊन पुढे गेली होती, मी पुरुषांच्या रांगेत होतो, माझा मोबाइल पट्ट्यावरून यंत्रात शिरला होता आणि नेमका त्याच वेळी महिला कर्मचाऱ्याने आईकडे पास मागितला. आई एका हातात आधार कार्ड आणि दुसऱ्या हातात शालीचे टोक धरून बाजूला उभी राहिली आणि मला शोधू लागली. कर्मचाऱ्याचे काहीच चुकले नव्हते. पास पाहणे हे तिचे कामच होते. मोबाइल हाती येऊन मी तिथवर पोहोचेपर्यंत पाच-सात मिनिटेच गेली असतील, पण त्यानंतर गेटवर बसल्या बसल्या आईने मला दोनदा विचारले, ‘माझा पास तुझ्याजवळच आहे ना रे?’

प्रत्येकाजवळ स्वतःचा स्मार्टफोन असेल तर ही अडचण कदाचित येणार नाही. आईजवळ मात्र बटणांचा साधा फोन आहे, आणि अशी माणसे बहुतेक घरांत असतात.

कागदातही सगळाच गुण नाही. काउंटरवर मिळणारी पट्टी उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदाची असते. मे महिन्यात वर्धा मार्गावर उभ्या केलेल्या गाडीत काचेजवळ राहिलेली माझी एक पट्टी संध्याकाळपर्यंत इतकी काळवंडली होती, की आसन क्रमांकही वाचता येईना. घरच्या किंवा झेरॉक्सच्या दुकानातल्या लेझर प्रिंटरवर काढलेल्या प्रतीच्या बाबतीत मला असा अनुभव आलेला नाही. शिवाय प्रवास भत्त्याच्या बिलाला पास जोडावा लागणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की प्रवास संपल्यावर काही ॲपमधून पास दिसेनासा होतो. प्रत काढायची राहिलीच, तर काउंटरवर पास मागायला संकोच करू नये. त्यासाठी जादा शुल्क घेता येणार नाही, असे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै 2022 मध्ये विमान कंपन्यांना बजावले आहे.

एकटा असेन तर मी आजही पुष्कळदा मोबाइलच दाखवतो. आई सोबत असली, की आदल्या संध्याकाळी चौघांच्या प्रती काढतो आणि तिची घडी करून तिच्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात, आधार कार्डाच्या मागे, तिच्यासमोरच ठेवतो.