होम मैदान, सोलापूर: आठ महिने रोज चालून झाल्यावर

डॉक्टरांनी गुडघ्यासाठी चालायला सांगितलं ते ऑगस्टमध्ये. घर बाळीवेशीत, त्यामुळे होम मैदान पायाखालचंच. तेव्हापासून आजारपणाचे आणि पावसाचे दिवस सोडले तर रोज सकाळी सहाला मी तिथं असतो. लोक या मैदानाबद्दल गड्ड्यात, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेत, एक संध्याकाळ फिरून मत बनवतात. मला ते जत्रेच्या आधी, जत्रेत आणि जत्रेनंतर असं तिन्ही वेळा बघायला मिळालं.

बाहेरगावच्यांसाठी एक खुलासा. हे 'होम' म्हणजे इंग्रजीतलं घर नव्हे. पुण्याहून आलेल्या भाच्यानं मला विचारलं होतं, "मामा, कुठल्या टीमचं होम ग्राउंड?" हा यज्ञातला होम. सिद्धेश्वर महाराजांशी लग्न करायची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येची कथा सोलापुरात पोरासोरांनाही पाठ असते. महाराज म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. बाराव्या शतकातल्या त्या लग्नाच्या अक्षता आजही भोगीला सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर पडतात आणि संक्रांतीला या मैदानावर होम पेटतो.

आता चालण्याचं बोलतो. स्मार्ट सिटीत मैदानाचं काम झालं तेव्हापासून कडेनं नीट चालता येतं. एका बाजूला भुईकोट किल्ला, पलीकडं तळं आणि तळ्यात सिद्धेश्वराचं मंदिर. ऑक्टोबरमधली सकाळ इथं खरंच सुख देते. वेगवेगळ्या घोळक्यांत तेलुगू, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत गुडघे, साखर आणि सुना यांच्यावर चर्चा चालते. सप्टेंबरचा पाऊस मात्र बेकार. दोन सरी पडल्या की मधल्या भागात बुटाला एवढा चिखल चिकटतो की घरी जाऊन चमच्यानं खरवडावा लागतो. मी तो चमचा आता वेगळाच ठेवलाय. स्वच्छतागृहाची सोय माणसांच्या मानानं तोकडी आहे. पुरुष कसंतरी निभावतात, बायकांचे हाल होतात. माझी बायको आठ दिवस आली आणि याच कारणानं बंद झाली.

डिसेंबरच्या मध्यापासून मैदान आपलं राहत नाही. आधी कृषी प्रदर्शनाचे मांडव. तिथं ट्रॅक्टर, ठिबक आणि बियाणी बघायला खेड्यांतून गाड्या भरून माणसं येतात. मग गड्ड्याचे पत्रे, बांबू आणि पाळण्यांचे सुटे भाग उतरायला लागतात. आम्ही चालणारे रोज थोडे थोडे कडेला सरकतो आणि शेवटी रस्त्यावर येतो. आकाशपाळणा जोडताना बघणं मला त्यात बसण्यापेक्षा आवडलं. लोखंडी सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर बसवतात. एक पोरगा पाण्याची नळी घेऊन पातळी बघतो आणि वरून दुसरा ओरडतो, "अजून एक फळी!" हे बघितल्यापासून मी पाळण्यात बसलेलो नाही.

गड्डा तुम्हाला बघायचाच असेल तर भोगी आणि संक्रांत या दोन दिवसांत पाळण्यांच्या नादाला लागू नका. ते दिवस नंदीध्वजांचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या मानाच्या उंच काठ्यांचे. बाराबंदी घातलेले मानकरी सातही काठ्या पेलत येतात, तेव्हा गर्दीत तुमचे पाय जमिनीला लागतातच असं नाही. "हर्र बोला हर्र"चा आवाज ऐकू येतो त्याच्या आधी छातीत जाणवतो. होमाच्या रात्री बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या नटवून अग्नीला देतात. त्यानंतर उपाशी ठेवलेल्या वासराच्या हालचालींवरून वर्षाची भाकणूक सांगतात. पाऊस, महागाई, सगळं. मी शिकलेला माणूस आहे, पण वासरानं काय हुंगलं हे मीही टाचा उंचावून बघत होतो. दुसऱ्या दिवशीचं शोभेचं दारूकाम लांबून, किल्ल्याच्या बाजूनं बघितलेलं बरं.

पोरं घेऊन जायचं तर नंतरच्या आठवड्यात, सुट्टीचा वार सोडून, दुपारी चारला जा. रांग नसते, ऊनही उतरलेलं असतं. 'मौत का कुआँ'चा फळ्यांचा गोल गाडी फिरताना हादरतो, लहान लेकरं घाबरतात. पुढं दिल्ली पापड, भज्जी, बांगड्या आणि संसाराला लागणारी भांडी. मी गेल्या साली घेतलेली किसणी अजून चालते, यंदाची आठ दिवसांत वाकली. दुकानदाराला शोधायला गेलो तर त्या जागी टोप्यांचं दुकान. गाडी लांब लावा आणि चालत या. मी एका बोळात लावली, तर पावती न देता दुप्पट पैसे मागणारा कुणीतरी उभा राहिला आणि वाद घालण्यात अर्धा तास गेला. धुळीसाठी रुमाल हवाच. दोन तास फिरून आलो की नाकातून काळंच येतं.

एक गोष्ट गड्ड्याच्या गडबडीत राहून जाते. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या आपल्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना इंग्रजांनी येरवड्यात फाशी दिली. यंदा १२ जानेवारीला सकाळी चालणं आटोपून मी त्यांच्या पुतळ्यांकडं गेलो. हार घातलेले होते. तेवढ्यात पाळणेवाल्यांचा टेम्पो वळायला तिथंच अडकला, आणि ड्रायव्हरनं हॉर्न न वाजवता खाली उतरून आधी हात जोडले.

आता मला मुख्य जे सांगायचंय ते. हे मैदान कसं आहे हे गड्डा उठल्यावर कळतं. फेब्रुवारीत आम्ही परत आलो तेव्हा जागोजागी खांबांचे खड्डे होते, तेलाचे डाग होते, आणि खिळे. मांडवाचे, पत्र्याचे, लांब, वाकडे, गंजलेले खिळे. तिसऱ्या दिवशी एक माझ्या बुटाच्या तळातून थेट मोज्यापर्यंत आला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. मांडव घालायला एवढी माणसं लागतात, तर उचलून झाल्यावर लोहचुंबक फिरवायला दोन माणसं मिळू नयेत? भाडं घेताना तेवढी अट घातली तरी पुरे.

रोज भेटणारे एक काका आहेत, गिरणीतून निवृत्त झालेले. मी लंगडताना बघून म्हणाले, "आवं मालक, वर काय बघत चाललाव? खाली बघा की." त्यांच्या खिशात शेंगा चटणीची रिकामी डबी असते. दिसला खिळा की वाकतात आणि डबीत टाकतात. ऐंशीच्या घरातला माणूस.

तरी पाचात साडेतीन देईन. अर्धा धुळीसाठी कापला, एक खिळ्यांसाठी. पुढच्या साली गड्डा इथून हलवा म्हणणाऱ्यांत मी नाही. वर्षातला दीड महिना रस्त्यावर चालेन.

मार्च संपत आलाय, साडेसातलाच चटका बसतो. पाळण्याच्या ठोकळ्यांचे चार चौकोन अजून उठून दिसतात. काल मला त्यातल्याच एका चौकोनात खिळा सापडला. काकांनी डबी पुढं केली आणि म्हणाले, "बासष्ट."