झाकल्या जाणाऱ्या कामातच मला फसवलं

आधीच्या भाडेकरू बाई घर सोडताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "ताई, राग मानू नका, पण बाथरूमला पाणी फार बारीक येतं, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो आणि पलंगापाशी फोन लावायला एक प्लग नाही. एवढं सोडलं तर घर छान आहे." मी ते तिन्ही मुद्दे डायरीत लिहून ठेवले. घराला काय हवंय याचं याहून चोख उत्तर मला पुढे कुणीही दिलं नाही. तरीही मी ते बाजूला ठेवलं आणि एका गोड बोलणाऱ्या ठेकेदाराचं ऐकलं. दोन खोल्यांचं घर भाड्यानं देऊन त्यावर महिन्याचा मेळ घालणारे माझ्यासारखे खूप जण असतील, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

घर आईचं. वरचा मजला, दोन खोल्या, छोटं स्वयंपाकघर, एक बाथरूम. रिकामं झालं तेव्हा एका एजंटनं सुचवलं की आता थोडं काम काढा, भाडं चांगलं वाढेल, आणि त्यानंच हा ठेकेदार गाठून दिला. ठेकेदार येताना टॅबलेटवर चित्रं घेऊन आला. हॉलला फॉल्स सीलिंग, त्यात लपवलेले दिवे, चकचकीत ट्रॉल्यांचं किचन, बाथरूमला वरून पावसासारखा पडणारा मोठा शॉवर. म्हणाला, "मॅडम, भाडं चाळीस टक्के वाढेल, लिहून घ्या." पुराव्यादाखल त्यानं शेजारपाजारच्या पाच घरांची भाडी दाखवली.

खर्च होता अठरा महिन्यांच्या भाड्याइतका. मी रकमेऐवजी महिन्यांत सांगते आहे, कारण असा हिशेब कुणालाही आपल्या घराला लावता येतो. अठरा महिन्यांचं भाडं घातलं आणि भाडं ४० टक्के वाढलं, तर पैसे ४५ महिन्यांत, म्हणजे पावणेचार वर्षांत वसूल. हे गणित त्यानं माझ्यासमोर कागदावर मांडलं आणि मला ते पटलं. गणित चुकीचं नव्हतंच. त्यातला ४० हा आकडा हवेतला होता.

ती पाच घरं मी नंतर एकेक करून तपासली. पाचही भाडी जाहिरातीतली, म्हणजे मालकानं मागितलेली. करार कितीला झाला ते कुणालाच माहीत नाही. दोन घरांत पलंग, फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं सामान होतं. एक घर एका खोलीनं मोठं होतं, एकाला गाडी लावायची जागा होती. माझ्या घराशी तुलना होईल असं एकच उरलं, आणि त्याचं भाडं माझ्या आधीच्या भाड्यापेक्षा जेमतेम ७ टक्क्यांनी जास्त होतं. ही चौकशी सही करण्याआधी दोन संध्याकाळींत झाली असती.

सहीच्या दिवशी अर्धे पैसे, माल आल्यावर आणखी ३० टक्के. म्हणजे पहिला हातोडा पडायच्या आत ८० टक्के रक्कम त्याच्या खिशात. उरलेल्या पैशांची त्याला फारशी गरजच राहिली नव्हती, हे तेव्हा कळलं नाही. पंचेचाळीस दिवसांचं काम पाच महिने चाललं. तेवढे पाच महिने घर रिकामं. वसुलीच्या त्याच्या हिशेबात रिकाम्या महिन्यांची ओळच नव्हती. एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातला बारावा हिस्सा, म्हणजे आठ टक्क्यांहून थोडं जास्त उत्पन्न जातं.

दिसायला काम सुरेख झालं होतं, हे मान्य करते. मी फोटो काढून बहिणीला पाठवले. घर भाड्यानं लावलं आणि महिनाभर लोक येऊन बघून गेले. बरेच जण "छान केलंय" म्हणायचे आणि मग बाथरूमचा नळ उघडायचे. शेवटी एक जोडपं तयार झालं, जुन्या भाड्याच्या ६ टक्के वर. त्यापुढे एक पैसा नाही. अठरा महिन्यांचं भाडं ६ टक्क्यांनी भागा, ३०० महिने येतात. पंचवीस वर्षं. तोवर ते किचन टिकणार आहे का?

इथवरचं सगळं माझ्या चुकीच्या निर्णयात जमा धरता येईल. फसवणूक त्यापुढे उघडी पडली.

तिसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे काका वर आले आणि म्हणाले, "आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, जरा बघता का?" कोटेशनमध्ये "बाथरूम संपूर्ण तोडून वॉटरप्रूफिंग, दोन कोट" अशी स्वतंत्र ओळ होती आणि तिचे पैसे मी मोजले होते. माझ्या ओळखीच्या एका जुन्या गवंड्याला बोलावलं. त्यांनी आधी काहीच तोडलं नाही. मगभर पाणी फरशीच्या मधोमध ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून हळूहळू दाराकडे सरकलं. मग त्यांनी एक नाणं घेऊन टाइल्सवर ठोकायला सुरुवात केली. चार-पाच टाइल्स पोकळ वाजल्या. त्यातली एक उचकटली तर खाली आईच्या वेळची जुनी टाइल जशीच्या तशी. जुन्यावर नवी चिकटवली होती. त्यामुळे फरशी बोटभर उंच झाली, उंबरा जवळजवळ नाहीसा झाला आणि उताराची दिशा बदलली. वॉटरप्रूफिंगचा एक थेंबसुद्धा कुठे नव्हता.

खरं वॉटरप्रूफिंग कसं असतं ते त्या गवंड्यांनी मला नंतर करून दाखवलं. जुना थर काढून फरशी साफ, जाळीकडे उतार, कोपऱ्यांत आणि पाइपांभोवती आधी पट्टी, मग एक कोट, तो वाळल्यावर दुसरा कोट आडव्या दिशेनं. भिंतीवर निदान १५ सेंटीमीटर वर, आणि शॉवरच्या जागी १८० सेंटीमीटरपर्यंत. त्यानंतर जाळीला बूच मारून दोन बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढायची आणि किमान २४ तास तसंच ठेवायचं. आम्ही ४८ तास ठेवलं. या दोन दिवसांत मी चार वेळा खाली जाऊन काकांच्या छताला हात लावून आले. रेघ हलली नाही, मगच टाइल बसली. माझ्या ठेकेदारानं सकाळी माल आणला आणि संध्याकाळी टाइल लावून मोकळा झाला होता. ती घाईच मला खटकायला हवी होती.

आता टाइल्सचं माप. बाथरूम ५ बाय ७ फूट, टाइल ७ फूट उंचीपर्यंत. चार भिंती १६८ चौरस फूट, दाराचे साडेसतरा वजा, फरशीचे ३५ मिळवले, एकूण १८५ आणि थोडं. तुटफुटीचे १० टक्के धरा, २०४ होतात. बिलात होते २६०. टेप घेऊन हे मोजायला मला दहा मिनिटं लागली, तीही पैसे देऊन झाल्यावर.

आणि वायरिंग. हे सांगताना अजून अंगावर काटा येतो, कारण त्या घरात माणसं राहत होती. भाडेकरू म्हणाले, गिझर लावला की बोर्डाला जळका वास येतो. वायरमननं मेन बंद करून बोर्डाची प्लेट काढली आणि मला जवळ बोलावलं. आत लाल रंगाची नवी कोरी तार दिसत होती, वर ४ चौरस मिलीमीटर असं छापलेलं. त्यांनी ती हळूच पुढे ओढली. वीतभर बाहेर आली आणि तिथेच संपली. तिथून पुढे काळ्या टेपखाली पीळ मारून जोडलेली जुनी, बारीक, कडक झालेली तार भिंतीत गेली होती. टेप तपकिरी पडून चिकट झाली होती. सगळे बोर्ड उघडले. सगळीकडे हेच: दिसेल तेवढी नवी, भिंतीतली जुनी. बिल मात्र "संपूर्ण घराचं वायरिंग नवीन". गिझरसारख्या जड उपकरणाचा करंट बारीक तारेतून आणि सैल जोडातून गेला की जोड तापतो आणि आग तिथूनच लागते.

ट्रॉल्यांचं थोडक्यात सांगते. प्लायचे पैसे आणि माल पार्टिकल बोर्डचा, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा. सिंकखालच्या कपाटाचा तळ चार महिन्यांत फुगला, कडेची पट्टी उचकटली, बिजागरीचे स्क्रू भुश्श्यासकट हातात आले. ती ट्रॉली काढताना मागे पडलेली सुपरवायझरची वही सापडली. माझ्या घराचं पान, खरी मापं एका रकान्यात, बिलाची दुसऱ्यात, आणि खाली "एजंट ५ टक्के". जो मला काय केल्यानं भाडं वाढेल ते सांगत होता, त्यालाच माझ्या खर्चातून वाटा मिळत होता. खर्च जितका मोठा, तितका त्याचा वाटा मोठा.

पाण्याचा प्रश्न तर कोटेशनमध्ये नव्हताच. टाकी गच्चीवर, शॉवरच्या तोंडापासून पाण्याची पातळी जेमतेम ३ मीटर उंच. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे इथे ०.३ बार. पावसासारख्या त्या शॉवरला याच्या कितीतरी पट दाब लागतो. त्यातून नुसतं ठिबकत होतं. शिवाय टाकीपासूनचा लोखंडी पाइप आतून गंजला होता. कापून बघितला तर बोटभर भोकाच्या जागी पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. नवा रुंद पाइप, टाकीपासून सरळ, कमी वळणांचा, एवढं केल्यावर साध्या शॉवरला भरपूर पाणी येऊ लागलं.

पाण्याची लाइन, खरं वॉटरप्रूफिंग, खरं वायरिंग, विजेची गळती झाली की ३० मिलिअँपिअरला पडून वीज तोडणारा ब्रेकर आणि पलंगापाशी दोन प्लग. हे सगळं मिळून चार महिन्यांच्या भाड्यात बसलं. कपाट बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. ती भिंत सुकल्यावर कुबट वास आपोआप गेला. म्हणजे भाडेकरू बाईंचे तिन्ही मुद्दे. यानं भाडं फार वाढलं नाही, पण आत्ताच्या भाडेकरूंनी आपणहून मुक्काम वाढवला. दर बदलाला घर दीडेक महिना रिकामं राहत होतं. दोन बदल टळले की तीन महिन्यांचं भाडं वाचतं, आणि छोट्या घरात खरी कमाई तिथेच असते असं आता माझं ठाम मत आहे.

या वेळी मी पैसे टप्प्याटप्प्यानं दिले आणि शेवटचे १५ टक्के पाण्याची चाचणी होऊन बोर्ड उघडून बघेपर्यंत हातात ठेवले. भिंत बुजवण्याआधी प्रत्येक पाइप आणि तारेचा फोटो काढला, शेजारी टेप धरून. गवंड्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, उलट म्हणाले, "काढा ना, पुढे भोक पाडताना उपयोगी पडेल."

पहिल्या ठेकेदारानं काही दिवस फोन उचलले, मग बंद केले. वकिलाची नोटीस गेल्यावर टाइल्सच्या जादा मापाचे पैसे परत आले. वायरिंगचे आणि वॉटरप्रूफिंगचे अजून यायचे आहेत. तक्रार दाखल आहे, वहीच्या पानाचे फोटो जोडले आहेत आणि ती वीतभर लाल तार पाकिटात घालून फाइलला लावली आहे.