टेक्नो ऐकायचं, तेही बसून: आधी एफेक्स ट्विन की गॅस?

रविवारी सकाळी घरची मंडळी मिसळ खायला गेली की गंगापूर रोडवरच्या नाशिकमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये सव्वा तास शांतता असते. तेवढ्यात एकच अल्बम नीट ऐकून होतो. टेक्नो म्हणजे एरवी नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत; त्याच्या मंद, धूसर प्रकाराकडे नव्याने वळणारे मला दोन नावांबद्दल हमखास विचारतात: एफेक्स ट्विनचा 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२' आणि गॅसचा 'पॉप'.

पहिला सोपा आहे. १३ ट्रॅक, साधारण ७४ मिनिटं. पहिल्याच ट्रॅकमध्ये एका बाईचा विरघळलेला आवाज, त्याखाली मऊ ठेका, आणि गुणगुणता येतील अशा सुरावटी. शीर्षकावर विश्वास ठेवायचा तर इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या रिचर्ड जेम्सने (एफेक्स ट्विन हे त्याचंच टोपणनाव) हे वयाच्या चौदाव्या वर्षापासून जमवलंय. कॅसेटवरची खरखर तशीच राहिली आहे, आणि मला तर ती आवडतेच. शेजारी मिक्सर सुरू झाला तरी फारसं बिघडत नाही.

'पॉप'चं तसं नाही. २००० साली आलेला हा अल्बम जर्मनीतल्या कोलोनच्या वोल्फगांग फोइग्टचा, गॅस या नावाने काढलेला. सात ट्रॅक, एकालाही नाव नाही. जुन्या शास्त्रीय रेकॉर्डमधले तुकडे सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारं यंत्र) घालून त्याने ते ताणले, एकमेकांवर रचले, पुन्हा पुन्हा फिरवले. व्हायोलिन कुठे संपतं आणि सळसळ कुठे सुरू होते ते कळत नाही. कोलोनजवळच्या क्योनिग्सफोर्स्ट जंगलातल्या त्याच्या लहानपणच्या भटकंतीतून गॅस हा प्रकल्प आला. मला मात्र पहिला ट्रॅक ऐकताना सोमेश्वरचा धबधबा आठवतो. श्रावणात, गर्दी यायच्या आधी, पुलावरून नुसता ऐकू येणारा. सुरुवातीला बराच वेळ ठेका येतच नाही. शेवटच्या, जवळपास १५ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये किक (ड्रमचा खालचा ठोका) येतो तोही भिंतीपलीकडून आल्यासारखा, आणि तोवर कान इतके तयार झालेले असतात की तेवढाही पुरतो.

गाण्याच्या बैठकीत आलापीत रमणारे असाल तर थेट 'पॉप' घ्या. तबला सुरू झाल्यावर सावरून बसणारे असाल, तर एफेक्स ट्विन. दोन्हींसाठी हेडफोन मात्र धड हवेत. मोबाइलच्या स्पीकरला खालचे स्वर पेलत नाहीत, 'पॉप'ची तर नुसती वाफ उरते. (एका मित्राने तो स्कूटरवर, कॉलेज रोडच्या ट्रॅफिकमध्ये ऐकला आणि 'यात काहीच होत नाही' म्हणाला. हेल्मेटमध्ये इअरफोन घालून आणखी काय होणार?)

माझं विचाराल तर पहिल्या रविवारी एफेक्स ट्विन लावा. दुसऱ्या रविवारी 'पॉप', आणि मंडळींना सांगा, येताना माझं पार्सल आणा, पण घाई करू नका.