आडव्या बैठकीची सायकल: नवख्याने कोणती निवडावी?

पाठ टेकून आणि पाय पुढे करून चालवायच्या रिकम्बंट सायकलीच्या चारही प्रमुख रचना मुरूड, कर्दे आणि हर्णैच्या रस्त्यांवर चालवून पाहिल्यावर माझे मत असे झाले की, नवख्याला ती आवडणे वेगावर नव्हे, तर थांबताना आणि निघताना वाटणाऱ्या निर्धास्तपणावर अवलंबून असते. (वेगाबद्दल शंका नसावी. १९३३ साली फ्रान्सिस फॉर याने अशाच सायकलीवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले, आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने तिला शर्यतींतून बाद केले.)

दुचाकींपैकी आखूड बांध्याची, म्हणजे पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे आणि बहुधा आसनापेक्षा उंच असलेली सायकल मी नवख्याला सुचवणार नाही. समोरून एसटी आली की पाय खाली येईपर्यंत तोल गेलेला असतो, शिवाय अरुंद वळणावर टाच चाकाला घासते. लांब बांध्याच्या सायकलीचे पेडल खाली असल्याने तिच्यावर लवकर हात बसतो. मात्र वाड्यांच्या गडग्यांमधून जाणाऱ्या बोळात ती वळवायची तर उतरावेच लागते.

तीनचाकींत तोलाचा प्रश्नच उरत नाही. मागे दोन चाके असलेल्या डेल्टाचे आसन उंच असते, त्यामुळे गुडघेदुखीची माणसे तिच्यावर खुर्चीत बसावे तशी बसतात. पण आसूदच्या उतारावर वेग आवरला नाही, तर वळणात आतले चाक उचलले जाण्याची भीती राहते. पुढे दोन चाके असलेल्या टॅडपोलला माझी पसंती आहे. दोन्ही हात आसनालगतच्या दांड्यांवर सैल सोडून बसता येते, आणि उभे राहून जोर लावता येत नसला तरी खालच्या गिअरमध्ये चालण्याच्या गतीने ती चढण चढते. त्या गतीला दुचाकी डगमगू लागते. ओल्या जांभ्यावर मात्र तिचे मागचे चाक जागीच फिरते, कारण बराचसा भार पुढच्या चाकांवर असतो.

टॅडपोल घ्यायचीच असेल, तर पाऊल पेडलवर धरून ठेवणारे पट्टे आधी बसवून घ्यावेत, कारण निसटलेला पाय जमिनीला अडकून गाडीखाली ओढला जातो. इतक्या बुटक्या गाडीला उंच झेंडाही हवाच. साखळी साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब असते आणि खाऱ्या हवेत लवकर गंजते. म्हणून ती बऱ्याच अंतरापर्यंत नळीतून नेलेली आहे ना, हे रंगाच्या आधी पाहावे.