बेड आणायला गेले आणि कार्यकारिणीचा बोर्ड पाठ करून आले

आजारपणाचं साहित्य भाड्याने देणाऱ्या इंदूरच्या एका मराठी संस्थेला साडेतीन स्टार देतेय. चार देणार होते, अर्धा कुठे कापला ते कमोड चेअरपाशी सांगते.

तर झालं असं की सासूबाई बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून बॉल बदलला, आणि सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर राऊंडला आले नि म्हणाले, आज संध्याकाळी घरी न्या. घरी काय होतं? आमच्या लग्नातला दिवाण, जमिनीपासून जेमतेम फूटभर. हे म्हणाले बाजारातून भाड्याने आणू, दोन ठिकाणी फोन केले, भाव ऐकून गप्प बसले. मग आत्याबाईंनी आठवण करून दिली की अगं आपल्या लोकांची संस्था आहे ना, ते देतात सगळं, पलंग, वॉकर, व्हीलचेअर. जुन्या इंदुरातली आहे, राजवाड्याच्या बाजूला. नाव लिहीत नाहीये, कारण थोडी तक्रारही करायचीय आणि गणपतीत मला तिथेच आरतीला उभं राहायचंय.

पाच वाजता पोचले. डिस्चार्ज सातला. फाउलर बेड होता (दोन हँडलवाला, पाठही उचलते आणि गुडघेही, एक हँडलवाला घेऊ नका, त्यात नुसती पाठ वर होते आणि पेशंट घसरत घसरत पायथ्याशी), एअर बेड (पंपाने फुगणारी हवेची गादी) होता, वॉकर, कमोड चेअर, सगळं हजर. बेडचं डिपॉझिट सहा हजार, महिन्याचे सहाशे, बाकीच्यांचं किरकोळ. पैसे भरले, पावती झाली, बाहेर लोडिंगवाला उभा, आणि काउंटरवरचे काका म्हणाले, ताई बसा, दुसरी सही राहिलीय.

दुसरी सही म्हणजे? म्हणजे साहित्य बाहेर जाताना रजिस्टरवर दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात आणि दुसरे काका घरी चहाला गेलेले. मी म्हटलं अहो फोनवर विचारा ना त्यांना. तर म्हणे फोनवर होकार येतो ताई, सही येत नाही. लोडिंगवाला तेवढ्यात दोनदा आत येऊन गेला, चलो भिया, आगे भी भाडा है. पन्नास मिनिटं. त्या पन्नास मिनिटांत मी भिंतीवरचा बोर्ड वाचला, करायला दुसरं काही नव्हतंच.

लाकडी बोर्ड, पांढऱ्या ऑइल पेंटने अकरा नावं आणि प्रत्येकाखाली व्यवसाय. असं कुठे बघितलं नव्हतं म्हणून विचारलं, तर काका एकदम खुलले. म्हणाले दरवर्षी आमसभा झाली की फर्म्स अँड सोसायटीजच्या ऑफिसात (संस्थांची सरकारी नोंदणी होते तिथे) कार्यकारिणीची यादी जाते, आणि नाव, पत्ता नि व्यवसाय द्यायची रीत १८६० च्या सोसायट्यांच्या कायद्यापासूनची आहे, आता आपल्याकडे मध्यप्रदेशचा १९७३ चा कायदा चालतो, मग आम्ही म्हटलं सरकारला सांगतो तर सभासदांना पण कळू दे. मला हे आवडलं. खूप ठिकाणी नुसतं ‘अध्यक्ष’, ‘सचिव’ आणि हार घातलेले फोटो असतात, माणूस आयुष्यभर करत काय होता ते कळतच नाही.

आता अकरांचा हिशेब. चार बँकवाले, त्यातले तीन स्टेट बँक ऑफ इंदूरचे. इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, ही होळकरांच्या काळात १९२० साली सुरू झालेली बँक, २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन झाली, पण या काकांसमोर ‘विलीन’ म्हणू नका, ते अजून ‘आमची बँक’ म्हणतात आणि चेहरा असा करतात की जणू मुलगी सासरी गेली नि आडनाव बदललं. एक सीए. एक वकील. एक वीज मंडळाचे इंजिनियर, पोलोग्राउंडच्या ऑफिसातून रिटायर झालेले. एक कॉलेजचे मराठीचे प्राध्यापक, एक टाइल्सचं दुकानवाले, एक डोळ्यांचे डॉक्टर, आणि एक बाई ज्यांच्यापुढे ‘गृहिणी’ लिहिलंय आणि ज्यांच्याकडे हॉलचं बुकिंग आहे.

हा बोर्ड डोक्यात ठेवून पुढचे दोन-अडीच महिने मी ते साहित्य वापरलं, आणि खरं सांगते, प्रत्येक वस्तूत कोणाचा हात फिरलाय आणि कोणाचा नाही ते दिसत गेलं.

पावती. तीन प्रतींत, कार्बन घालून, आकडा अक्षरी आणि अंकी, डिपॉझिट वेगळं, भाडं वेगळं, देणगी वेगळी. बँकवाले. मी स्वतः एका शाळेचे अकाउंट्स बघते त्यामुळे मला पावतीवरून संस्था कळते. काही ठिकाणी डिपॉझिट परत मागायला गेलं की ‘राहू द्या की संस्थेला’ म्हणून गळ घालतात, इथे कोणी ब्र काढला नाही. मीच आपणहून पाच हजार वेगळे दिले ते यूपीआयने, कारण दोन हजारांच्या वर कॅश दिली तर देणगीवरची करसूट मिळत नाही, आणि सीए साहेबांनी मागच्या वर्षी आमच्या आत्याबाईंना टेन-बीई सर्टिफिकेट (ती सूट मागायला लागतं ते) मे संपायच्या आत पाठवलेलं. ज्यांनी कुठल्या संस्थेच्या मागे जुलैपर्यंत फोन करत ते सर्टिफिकेट मागितलंय त्यांना याची किंमत कळेल. (नवीन टॅक्स रेजिमवाल्यांनो, तुम्हाला तसंही काही मिळत नाही, पण द्या.)

बेड. त्याच्या पायाला सुतळीने एक जाड कार्ड बांधलेलं, प्लास्टिकमध्ये. वर बेडचा नंबर आणि खाली तारखांची रांग: ग्रीस केले, चाक बदलले, हँडलचा पिन बदलला, रंग, पुन्हा ग्रीस. इंजिनियर काका. ट्रान्सफॉर्मरला जसं कार्ड असतं तसं त्यांनी चौदा पलंगांना लावलंय. हँडल असं फिरायचं की आमचा सातवीतला मुलगा एका हाताने आजीला बसतं करायचा. एअर बेडच्या पंपाला व्यवस्थित तीन पिनचा प्लग, वायर लांब, त्यावर टेप मारून ‘तपासले’ आणि तारीख. दवाखान्यात सात दिवस होतो तिथला पलंग कर्रकर्र वाजायचा, रात्री वर करायची भीती वाटायची. हा वाजला नाही.

टाइल्सवाल्यांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण हे वाचणारे अर्धे जण मनात तेच म्हणत असतील. हॉलची नवी फरशी झाली तेव्हा आमच्या कॉलनीत कुजबुज होतीच की घरचाच दुकानदार बसवलाय कमिटीत. नोटीस बोर्डावर मीटिंगचं इतिवृत्त लावतात, जुनी फाइल मागितली तर वाचायलाही देतात, मी मागितली. त्यात सरळ लिहिलंय की फरशीचा विषय निघाला तेव्हा अमुक सभासद बाहेर गेले, तीन कोटेशन आली, त्यांच्या दुकानाचं नव्हतंच. सीएंनी म्हणे आधीच बजावलेलं की विश्वस्त किंवा त्यांच्या नातेवाइकांच्या घशात संस्थेचा पैसा गेला तर इन्कम टॅक्सची माफी जाते. एवढं असून फरशी मात्र गुळगुळीत आहे, वॉकर घेऊन कोणी म्हातारं माणूस त्यावर चाललं तर काय होईल. कमिटीत दुकानदार होता पण फरशी निवडताना तोच बाहेर बसला, आता काय बोलायचं.

आता रडगाणं.

वकील साहेबांनी हमीपत्र बनवलंय. दोन पानं. वॉकरलाही दोन पानं, पाचशे रुपयांच्या डिपॉझिटला. आणि त्यातलं नववं कलम, मी शब्द तसेच सांगते कारण विसरले नाहीये, ‘रुग्ण दगावल्यास साहित्य सात दिवसांचे आत परत करणे बंधनकारक राहील’. संध्याकाळचे पावणेसहा, सासूबाई दवाखान्यात आवरून बसल्यात, घरी जायचं म्हणून दोन दिवसांनी पहिल्यांदा हसल्यात, आणि मी हे वाचून खाली सही करतेय. कायद्याने बरोबर असेल. ‘गरज संपल्यावर’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? शेजारी मराठीचे प्राध्यापक बसतात ना, त्यांना दाखवायचं. पण प्राध्यापकांनी आपल्या वाट्याची पाटी लिहिलीय, ‘उपकरणे निर्जंतुक करून परत करावीत’. कशाने, ते नाही. डेटॉल? स्पिरिट? साबण? मराठी मात्र शुद्ध आहे.

आणि एअर बेड. तो गुंडाळून पिशवीत मिळाला, पंपासकट, कागदाचा चिटोरा नाही. आम्ही फुगवला, वर चादर, आणि आईंना टोचू नये म्हणून त्यांचीच जुनी जाड गोधडी चांगली चौपदरी घालून दिली. हुशार ना आम्ही! तिसऱ्या दिवशी पाठ पुसताना माकडहाडापाशी लाल दिसलं, म्हणजे झोपून झोपून जखम व्हायची सुरुवात. संस्थेत फोन केला, काका म्हणाले ताई ते मेडिकल झालं, डॉक्टरांना विचारा. बोर्डावरचे डॉक्टर डोळ्यांचे. चांगले आहेत हो, दरवर्षी मोतीबिंदूचं शिबिर इतकं शिस्तीत होतं की बघत राहावं, पण त्यांना मी माकडहाड काय विचारू.

आमच्या मागच्या गल्लीत एक सिस्टर राहतात, केरळच्या, एका प्रायव्हेट हॉस्पिटलात वॉर्ड सांभाळतात, वीस वर्षं झाली इंदुरात. नाइट करून आल्या होत्या तरी आल्या. गोधडी बघितली, काही बोलल्या नाहीत, ओढून काढली. मग एअर बेडच्या खालून, बरोबर कमरेच्या जागी, हात घातला आणि म्हणाल्या, दीदी, ये तो पूरा बैठ गया है. हात घालून बघायचं, वरच्या माणसात नि खालच्या गादीत इंचभर तरी हवा राहिली पाहिजे. पंपाचा पाइप गादीखाली दुमडलेला आणि नॉब सगळ्यात कमीवर, तो वजनाप्रमाणे ठेवायचा असतो हे आम्हाला कुठलं माहीत. या गादीचं काम असं की तिचे कप्पे आलटून पालटून भरतात नि रिकामे होतात, दर दहाएक मिनिटांनी, म्हणजे एकाच जागी सारखा दाब पडत नाही. वर गोधडी घातली की ते सगळं गोधडीच्या पोटात जातं. एक पातळ चादर, बस. आणि एअर बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. पाच मिनिटांचं काम होतं. लाली चार दिवसांत गेली, नशीब आमचं.

मग कमोड चेअर, अर्ध्या स्टारची मालकीण. फिजिओ पहिल्यांदा आला नि बघून ओरडलाच, हिच्यावर बसवताय? बॉल बदललेला असला की काही आठवडे गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, पायावर पाय नाही, झोपताना दोन पायांत उशी, आणि सीट उंच. दिलेली खुर्ची बुटकी, फिक्स पायांची. मी पुन्हा फूटी कोठी, महूनाका, गंगवाल करत त्या गर्दीत संस्थेत, बदलून द्या म्हणून. गोडाऊन उघडलं तर आत उंची कमी-जास्त होणाऱ्या सहा खुर्च्या! होत्याच. देताना कोणी एवढंच विचारायला हवं होतं की पेशंटला झालंय काय. फॉर्मवर पेशंटचं नाव आहे, वय आहे, आधार नंबर आहे, जामीनदाराचं नाव आहे, आजार काय हे विचारायला रकाना नाही. अकरा जणांत एकाने जरी कधी वॉर्डात नोकरी केली असती तर तो रकाना सगळ्यात वर असता.

लोक म्हणतात संस्थांमध्ये रिकामटेकडे रिटायर्ड लोक बसतात. मला उलट दिसलं. रिटायर झालेत पण कोणी नोकरी सोडलीच नाहीये, तीच इथे पुढे चालू आहे, म्हणून हिशेब चोख, ग्रीस चोख, कागद चोख. जी नोकरी अकरांत कोणीच केली नाही तेवढीच जागा उघडी पडलीय.

दहा आठवड्यांनी बेड परत केला. इंजिनियर काका स्वतः खाली बसले, चारही चाकं फिरवून बघितली आणि मला विचारलं डावं ब्रेक ढिलं होतं का, मी म्हटलं हो, कार्डावर लिहिलं. डिपॉझिटचा चेक त्याच दिवशी, पूर्ण, दोन्ही सह्या तयार, कारण या वेळी मी आदल्या दिवशी फोन करून गेले होते. तुम्हीही तसंच करा. सकाळी अकराच्या आत जा, दोघंही असतात.

तिथेच बसून मी अर्ज लिहिला. तीन गोष्टी: फॉर्मवर आजाराचा रकाना, एअर बेडच्या पिशवीत एक कागद, आणि कार्यकारिणीत एक नर्स नाहीतर फिजिओ. काउंटरवरच्या काकांनी वाचला, दोनदा वाचला. म्हणाले पहिल्या दोन होतील, तिसऱ्याला संस्थेची घटना (नियमावली) आड येते, कार्यकारिणीत यायला आजीव सभासद लागतो आणि सभासद मराठी भाषिकच होतो, तुमच्या त्या सिस्टर कशा चालतील? मी म्हटलं काका, पाठ चोळताना कोणी भाषा विचारत नाही. ते हसले, पण बँकेतल्यासारखे, म्हणजे उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने आपणच म्हणाले, ‘विशेष निमंत्रित’ म्हणून बोलावता येतं बहुतेक, घटना बघतो.

मग अर्जावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, तारीख टाकली, माझी प्रत मला दिली. म्हटलं याला पण दुसरी सही लागते का? म्हणाले नाही ताई, आवकेला एकच चालते.