म्युपिरोसिन मलम : पाच ग्रॅमच्या ट्यूबचा आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या महिन्यात वडिलांच्या नडगीवरची जखम चार दिवस हे जीवाणूंवरचे मलम लावूनही चिघळत गेली आणि पाचव्या रात्री त्यांना तापात दवाखान्यात न्यावे लागले. जुलैत याच मलमाची मी सर्वांकडे स्तुती करत होतो, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

पावसाळ्यात मुलाच्या नाकाखाली आणि हनुवटीवर पुळ्या उठल्या, फुटल्या आणि त्यांवर मधाच्या रंगाच्या खपल्या धरल्या. त्वचारोगतज्ज्ञांनी इंपेटिगोचे, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या जीवाणूसंसर्गाचे, निदान केले आणि दोन टक्के म्युपिरोसिन दिवसातून तीनदा, पाच दिवस लावायला सांगितले. खपल्या कोमट पाण्याने मऊ करून अलगद काढायच्या, मलमाचा पातळ थर द्यायचा, आधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे, मुलाची नखे कापायची आणि टॉवेल वेगळा ठेवायचा, एवढे आम्ही नेमाने केले. तिसऱ्या दिवशी नव्या पुळ्या थांबल्या आणि पाचव्या दिवशी केवळ गुलाबी डाग उरले.

माझी तक्रार तेव्हा एकच होती. शंभराहून अधिक रुपये मोजून घेतलेली ट्यूब पाच दिवसांत निम्मीही संपली नव्हती. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. चार-पाच पुळ्यांना मग लागणार तरी किती? उरलेली ट्यूब टाकणे मनाला पटले नाही, म्हणून मी ती औषधांच्या डब्यात जपून ठेवली, आणि पुढचे सगळे त्या जपणुकीतून घडले.

ऑक्टोबरमध्ये काखेत नायटा उठला, तेव्हा मी तीच ट्यूब काढली. दोन आठवडे लावूनही कडे मोठे होत गेले, आणि ते होणारच होते, कारण म्युपिरोसिन मुख्यतः स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूंची प्रथिने तयार करण्याची क्रिया रोखते, तर नायटा बुरशीचा असतो. त्यानंतर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय जे मिश्र मलम मिळाले, त्यात स्टेरॉइडही होते. खाज दोन दिवसांत थांबली आणि मलम बंद करताच नायटा दुप्पट जागेवर पसरला. दुकानदाराने विचारले नाही, हे खरे; पण चिठ्ठी न नेणारा मी होतो.

आता वडिलांविषयी. त्यांना मधुमेह आहे आणि क्रिएटिनिन वाढलेले आहे, म्हणजे मूत्रपिंड कमजोर आहे. खरचटलेल्या जागेवर मी घरातलेच मलम लावले, ट्यूबचे तोंड थेट जखमेला टेकवून. भोवतीची त्वचा लाल आणि गरम झाली, सूज वर सरकू लागली, तरी मी थर जाड करत राहिलो. डॉक्टरांनी सेल्युलायटिस सांगितले आणि शिरेतून प्रतिजैविक सुरू केले, कारण संसर्ग त्वचेच्या खोल थरात गेला की वरचे मलम तिथे पोहोचत नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मी कधी वाचली नव्हती: या मलमाचा आधार, म्हणजे औषध ज्यात मिसळलेले असते तो पदार्थ, पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतो, मोठ्या उघड्या जखमेतून तो रक्तात शोषला जातो आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो, म्हणून मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसाच्या मोठ्या जखमेवर ते लावू नये. तीन ते पाच दिवसांत फरक न पडल्यास डॉक्टरांकडे परत जायचे, हे तर मुलाच्या वेळीच सांगितले होते. शिवाय नाकात राहणारा, मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस घालवण्यासाठी रुग्णालयांत म्युपिरोसिनच वापरतात. आपण ते ऊठसूट लावत राहिलो, तर जीवाणू त्यालाही सरावतात.

या ट्यूबचा एक दोष मात्र मला फार खुपतो. मुदतीची तारीख तळाच्या दुमडलेल्या पट्टीवर दाबून उमटवलेली असते. काटकसरी माणूस ट्यूब तळापासूनच गुंडाळत येतो, त्यामुळे सर्वांत आधी ती तारीखच गुंडाळीत जाते. वडिलांना लावलेल्या ट्यूबची गुंडाळी मी दवाखान्यातून आल्यावर उलगडली, तेव्हा पट्टी चिरलेली होती आणि महिना वाचता येत नव्हता. खोका तर पहिल्याच दिवशी टाकला होता. ही तारीख ट्यूबच्या खांद्याजवळ मोठ्या अक्षरांत छापणे अवघड नसावे.

या महिन्यात मुलाला पुन्हा पुळ्या आल्या. चिठ्ठीवर नवी ट्यूब घेतली, खोक्यावर त्याचे नाव, सुरू केल्याची आणि थांबवण्याची तारीख लिहिली, आणि सहाव्या दिवशी उरलेले मलम कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले. जुलैत मला पाच ग्रॅम महाग वाटले होते. आता ते जास्त वाटतात. आमच्या दुकानात याहून लहान ट्यूब मिळत नाही. दोन ग्रॅमची मिळाली, तर मी तिला आनंदाने तेवढेच पैसे देईन.