साडेचौदा हजारांचे सहा टॅडपोल

गेल्या पावसाळ्यात मी साडेचौदा हजार रुपये देऊन सहा टॅडपोल, म्हणजे बेडकाची पाण्यातली शेपटीवाली पिल्लं, विकत घेतले. डार्ट फ्रॉगचे, मोठे झाले की निळे-पिवळे होतील, असं सांगून ते मला विकले. निघाले ते आपल्याकडे पहिल्या पावसानंतर कुठल्याही डबक्यात वळवळताना दिसतात ते. हे लिहायला मला वर्ष लागलं. विकणाऱ्याने माझं तोंड कसं बंद ठेवलं ते सांगितलं, तर दुसऱ्या कुणाचं तरी तोंड वेळेवर उघडेल, म्हणून लिहितोय.

मी अमळनेरचा. घरात पंधरा वर्षं माशांच्या टाक्या आहेत. डार्ट फ्रॉगबद्दल दोन वर्षं वाचत होतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलातले हे छोटे बेडूक. मादी पाण्याबाहेर, जमिनीवरच्या पानावर मोजकी अंडी घालते. बाप ती ओली ठेवतो, आणि पिल्लं बाहेर आली की पाठीवर घेऊन झाडाच्या ढोलीत नाहीतर पानांच्या बेचक्यात साठलेल्या पाण्यात नेऊन सोडतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवसापासून माझा जीव या प्राण्यात अडकला.

जूनच्या अखेरीस व्हॉट्सॲपवर एकाची जाहिरात आली. फोनवर माणूस गोड बोलायचा, दर वाक्याला ‘दादा’. सहा टॅडपोलचे बारा हजार, कागदपत्रांचे दीड हजार, आणि पुढे पिल्लांना खायला लागतील म्हणून फळमाश्यांच्या बरणीचे एक हजार. त्याने व्हिडिओ पाठवला : पांढऱ्या टबात पाणी, पाण्यात नाडीसारख्या लांब पारदर्शक माळा आणि त्यात काळे ठिपके. “दादा, ही आपल्या जोडीची अंडी.” तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. अंडी पाण्याबाहेर घालणाऱ्या बेडकाची माळ पाण्यात कशी, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तशा माळा भेक घालतो, आपला खरखरीत कातडीचा टोड, आणि एका वेळी हजारोंनी. माहिती सगळी माझ्या डोक्यात होती, पण हौसेपुढे ती उभी राहिली नाही.

आमच्याकडचा उन्हाळा पंचेचाळीसच्या घरात जातो, पावसाळ्यातही घर उकडतं, म्हणून तापमानाचं विचारलं. “पस्तीसपर्यंत आरामात चालतं दादा.” डार्ट फ्रॉगला बावीस ते सव्वीस अंश लागतात, तिशीच्या वर जिवावर बेततं. ज्याने हा प्राणी खरोखर वाढवलाय तो पस्तीस म्हणणारच नाही. मी मात्र त्याचं ऐकून निश्चिंत झालो, आणि खबरदारी म्हणून ओलं गोणपाट आणि कूलर लावून बसलो.

पार्सल ट्रॅव्हल्सने आलं, पहाटे पारोळ्याला हायवेवर उतरवून घेतलं. सहाही पिल्लं एकाच पिशवीत होती. डार्ट फ्रॉगची कितीतरी पिल्लं एकमेकांना खातात, म्हणून वाढवणारे लोक प्रत्येकाला वेगळ्या भांड्यात ठेवतात. ही सहा जणं पिशवीच्या एका कोपऱ्यात चिकटून घोळक्याने फिरत होती, एकाचीही शेपटी कुरतडलेली नव्हती. मला वाटलं, प्रवासाने घाबरली असतील.

मग मी पुस्तकी रीतीने सगळं केलं. सहा कप घेतले, आठवीतल्या मुलीने त्यांच्यावर एक ते सहा आकडे लिहिले. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन जाऊ दिलं. बदामाच्या झाडाची वाळकी पानं उकळून चहासारखं पाणी केलं, ते थोडं थोडं कपात घातलं. दिवसाआड चिमूटभर स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाची पूड, उरलेलं खाणं लगेच काढायचं, कारण सडलं की पाण्यात अमोनिया होतो. दर रविवारी सहा कपांचा फोटो त्या माणसाला पाठवायचो. “एक नंबर दादा!” असं उत्तर यायचं.

मध्येच माश्यांची बरणी उघडली. डार्ट फ्रॉगसाठी न उडणाऱ्या फळमाश्या पाळतात, त्या जातीच असतात तशा. या बरणीतल्या सगळ्या माश्या भुर्रकन उडाल्या आणि ओट्यावरच्या केळ्यांवर जाऊन बसल्या. केळ्याच्या मुलखात मी हजार रुपये देऊन केळ्यावरच्या माश्या विकत घेतल्या होत्या. फोन केला, तर म्हणाला उन्हाने असं होतं.

विसाव्या दिवशी मागचे पाय दिसले, अठ्ठाविसाव्या दिवशी पुढचे. डार्ट फ्रॉगच्या टॅडपोलला दोन-अडीच महिने लागतात, आणि पाण्यात असतानाच पाठीवर रंग उमटू लागतो. ही महिन्याच्या आत तयार, रंगाने मातकट, माझ्या करंगळीच्या नखाएवढी. मी विचारलं. तो म्हणाला, “तुमची काळजीच अशी आहे दादा, म्हणून भराभर वाढतायत. रंग नंतर येतो.” स्वतःचं कौतुक कुणाला नको असतं? मी मुलीलाही ते ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन आणि पाच नंबरच्या कपात पिल्लं मरून तरंगत होती. पुढचे पाय फुटले की पिल्लू पाण्याबाहेर यायला बघतं, त्याला चढायला उतरण लागते, नाहीतर ते बुडतं. मला हे माहीत होतं. पण माझ्या हिशेबाने त्याला अजून सहा आठवडे होते, म्हणून कपात दगड ठेवलेच नव्हते. खोट्या नावावर विकलेलं पिल्लू त्या नावाच्या वेळापत्रकाने मेलं. मुलगी कप हातात घेऊन बराच वेळ उभी होती.

त्या माणसाला कळवलं, तर त्याचा आवाजच बदलला. “पाय बारीक पडले असतील. तुमच्या खाण्यात कमतरता राहिली.” डार्ट फ्रॉगमध्ये पुढचे पाय काडीसारखे होण्याचा विकार खरोखरच असतो, त्याने नेमकं तेच उचललं. तीन दिवस मी स्वतःला दोष देत होतो.

चौथ्या दिवशी माय गावाहून आली. उरलेली चारही पिल्लं एव्हाना दगडावर बसली होती. तिने चष्मा नीट केला, वाकून बघितलं आणि म्हणाली, “अरे भाऊ, हाऊ ते आपला बेडूक शे.” मी तिला समजावत बसलो की हा अमेरिकेतला आहे. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या एका सरांकडे कप घेऊन गेलो. त्यांना भिंग लावायचीही गरज पडली नाही. भेक. ही पिल्लं घोळक्याने राहणारी असतात, हेही त्यांनीच सांगितलं. महिनाभर मी त्यांना एकेकट्या कपात कोंडून ठेवलं होतं. पैशांपेक्षा हे मला जास्त लागलं, अजून लागतं.

पैसे परत मागितले, आणि त्याने खरी कडी लावली : “तुम्ही परदेशी प्राणी विनापरवाना घेतलाय. तक्रार केलीत तर केस तुमच्यावर होईल.” मी घाबरलो, कारण त्यात थोडं तथ्य होतं. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात डार्ट फ्रॉग आहेत. वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगला तर केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. मला दीड हजारात मिळालेल्या कागदावर नुसतं ‘डार्ट फ्रॉग’ लिहिलेलं होतं. शास्त्रीय नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. तो कागद मी पैसे देण्याआधी मागायला हवा होता, मी पार्सल फोडल्यावर वाचला.

महिनाभर गप्प राहिलो. शेवटी सरच मला वनखात्याच्या कार्यालयात घेऊन गेले, मी सगळं खरं सांगितलं. कुणी मला आरोपी केलं नाही, लेखी निवेदन घेतलं. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही फोन केला, पण तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. कळलं त्याच संध्याकाळी फोन केला असता, तर कदाचित काही रक्कम अडली असती. कुणी तुम्हाला ‘केस तुमच्यावरच होईल’ म्हणालं, तर त्याच क्षणी १९३० लावा. त्या धमकीने तो फक्त वेळ काढत असतो, आणि या प्राण्यात वेळ त्याच्याच बाजूचा असतो. लहान टॅडपोल बहुतेक काळपटच दिसतात, खरं कळायला महिना जातो. घ्यायचंच असेल तर नोंद असलेल्या माणसाकडून पूर्ण वाढलेला, रंग दिसणारा बेडूक त्याच्या घरी जाऊन बघा, त्याची मोठी जोडी बघा, आणि कागद आधी वाचा.

चार पिल्लं वनखात्याला विचारूनच बोरी नदीच्या काठी सोडली. पाऊस भुरभुरत होता. मुलीने एकेक कप आडवा केला, पिल्लं गवतात गेली आणि पुन्हा दिसली नाहीत.

या जूनमध्ये एका मित्राने मला एक जाहिरात पाठवली, घेऊ का म्हणून. नाव वेगळं, नंबर वेगळा. ‘समाधानी ग्राहकाचा सेटअप’ म्हणून खाली फोटो आहे : ओळीने सहा कप, बदामाच्या पाण्याने तांबूस झालेले. चार नंबरच्या कपावरचा आकडा माझ्या मुलीच्या अक्षरातला आहे.